पाठभेद, शोधपत्रे आणि अवजड फाइली : आवृत्तिसंग्रहातील जागेच्या प्रश्नाचा इतिहास

१

एखादा ग्रंथ जपून ठेवणे आणि त्या ग्रंथाची प्रत्येक अवस्था जपून ठेवणे ही दोन कार्ये वरवर सारखी भासली, तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिल्या कार्यास एक कपाट पुरते. दुसऱ्यास मात्र, काही योजना न केल्यास, ग्रंथाच्या जितक्या अवस्था तितकी कपाटे लागतात. ही योजना साधारणपणे एकाच तत्त्वावर उभी असते : एक पाठ संपूर्ण ठेवावा आणि इतर पाठांचा त्याच्याशी जेवढा भेद असेल तेवढाच नोंदवावा. संगणकावरील लेखनासाठी हे कार्य करणाऱ्या प्रणालींना आवृत्ती-नियंत्रण प्रणाली असे म्हणतात. लेखात कोणी, केव्हा, कोणता बदल केला ह्याची त्या नोंद ठेवतात आणि मागितली असता कोणतीही जुनी अवस्था पुन्हा उभी करून देतात.

मजकूर शब्दांचा आहे आणि भेद अल्प आहेत, तोपर्यंत ही योजना सुखाने चालते. परंतु संग्रहात छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, मोठी कोष्टके अशा अवजड फाइली आल्या म्हणजे तिचा पायाच डळमळतो. संग्रह फुगू लागतो, आणि काय ठेवावे, कोठे ठेवावे व काय काढून टाकावे, हे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न सर्वस्वी यंत्रयुगातले आहेत असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः त्यांचा विचार पुण्यात, कागद आणि शाई ह्या साधनांनी, यंत्रांच्या अर्धशतक आधी झालेला होता. ते कार्य म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती होय. ह्या दोन इतिहासांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली असे मानण्यास आधार नाही. तथापि दोहोंची तुलना केली असता जागेच्या प्रश्नाचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

२

ह्या कथेचा आरंभ खडकीपासून करणे उचित ठरेल. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली. रेसिडेंट माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा संगमावरील आपले निवासस्थान सोडून खडकीच्या फौजेस येऊन मिळाला होता. त्याच्या पाठीमागे संगमावरील रेसिडेन्सीला आग लावण्यात आली आणि तीत त्याचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे जळून गेली. एकाच ठिकाणी असलेल्या एकुलत्या एका प्रतीचे भवितव्य काय असते, ह्याचे हे उदाहरण खडकीच्या इतिहासातच नोंदलेले आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिणेच्या निधीतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. हीच पाठशाळा १८५१ मध्ये पूना कॉलेज व १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाली, आणि १८६८ मध्ये खडकीच्या छावणीसमोर, मुळा नदीच्या पैलतीरावर, येरवड्याच्या बाजूस बांधलेल्या नव्या इमारतीत गेली. खडकीहून होळकर पूल ओलांडला की ही वास्तू दृष्टीस पडते. त्यापूर्वीच, १८६६ मध्ये, मुंबई सरकारने हस्तलिखितांच्या शोधाचे व खरेदीचे कार्य हाती घेतले होते. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारख्या पंडितांनी मिळविलेली हजारो हस्तलिखिते पुढे ह्याच वास्तूत ठेवण्यात आली. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि १९१८ मध्ये हा सरकारी संग्रह नदीपलीकडून संस्थेच्या नव्या वास्तूत आला. महाभारताच्या आवृत्तीचे कार्य ज्या द्रव्यावर उभे राहिले, त्यातील एक मोठा भाग अशा प्रकारे खडकीच्या परिसरातून आलेला आहे.

३

१ एप्रिल १९१९ रोजी वयोवृद्ध भांडारकरांच्या हस्ते पाठतुलनेच्या कार्याचा शुभारंभ झाला. आरंभीची काही वर्षे नारायण बापूजी उत्गीकर ह्यांनी संपादन पाहिले व १९२३ मध्ये विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती निघाली. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी प्रमुख संपादकपद स्वीकारले, तेव्हापासून कार्यास निश्चित पद्धती लाभली. आदिपर्वाचा पहिला खंडांश १९२७ मध्ये व संपूर्ण पर्व १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुखठणकरांच्या निधनानंतर, १९४३ पासून, डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व १९६१ पासून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य ह्यांनी ही धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या उपस्थितीत आवृत्तीच्या पूर्ततेची घोषणा झाली. एकंदर १,२५९ हस्तलिखितांची तुलना करून १९ खंड सिद्ध झाले.

ह्या आवृत्तीच्या कीर्तीबद्दल येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा पाठतुलनेचा कागद. आडव्या व उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर, माथ्याशी, प्रचलित पाठातील एक श्लोक एकेका घरात एकेक अक्षर अशा रीतीने ठळकपणे लिहिला जाई. त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ असे. हस्तलिखितातील अक्षर वरच्या पाठाशी जुळत असल्यास काही लिहावयाचे नाही; जेथे भेद असेल तेथेच, त्या अक्षराच्या बरोबर खाली, भिन्न अक्षर लिहावयाचे. म्हणजे श्लोक एकदाच लिहिला जाई आणि पुढील प्रत्येक प्रतीची नोंद केवळ भेदांची राही. पुण्याबाहेर शांतिनिकेतन व तंजावर येथेही तुलनेची केंद्रे होती; तेथून आलेले कागद पुण्याच्या कागदांशी ताडून पाहता येत, कारण सर्वांचा आधारपाठ एकच होता.

परंतु भेद नेहमीच अक्षराएवढा नसतो. काही प्रतींत एखादा श्लोक अधिक असे, तर काहींत संपूर्ण आख्यान अधिक असे. ह्यासाठी कागदाच्या उजव्या अंगास एक रुंद स्तंभ राखून ठेवलेला होता. लहान अधिक श्लोक व शेरे तेथे लिहिले जात. स्तंभात न मावणारे दीर्घ प्रक्षेप वेगळ्या कागदांवर उतरवून तुलनापत्रांस पुरवणीदाखल जोडले जात. ह्या वेगळ्या कागदांना 'शोधपत्र' असे नाव होते. लहान भेद जागच्या जागी, मध्यम भेद समासात आणि अवजड मजकूर वेगळ्या पत्रावर, मूळ जागी केवळ त्याचा निर्देश, ही त्रिविध व्यवस्था म्हणजेच जागेच्या प्रश्नाचे पहिले सुव्यवस्थित उत्तर होय. अवजड मजकूर चौकटीत कोंबला असता, तर चौकटीचे प्रयोजनच नष्ट झाले असते. डोळ्याने एका उभ्या रेघेत खाली उतरत भेद पाहण्याची सोय राहिली नसती.

छापील ग्रंथात हीच व्यवस्था अधिक परिष्कृत रूपाने उतरली. पृष्ठाच्या वरच्या भागात सिद्ध पाठ. त्याखाली पाठभेद, प्रत्येक हस्तलिखित एका सांकेतिक अक्षराने निर्दिष्ट. लहान प्रक्षेप तळटीपांतच, परंतु तारांकित क्रमांकाने. आणि दीर्घ प्रक्षेप खंडाच्या अखेरीस पहिल्या परिशिष्टात. व्यासांनी सांगावे व गणेशाने लिहावे, ही सर्व महाराष्ट्रास बालपणापासून परिचित असलेली कथा ह्या आवृत्तीत मूळ पाठात नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. ती टाकून दिली असे मात्र म्हणता येणार नाही. कोणत्या प्रतींत ती आढळते, कोणत्या जागी येते आणि तिचे शब्द काय, हे सर्व तेथे नोंदलेले आहे. सुखठणकरांचा निर्णय ज्यास मान्य नसेल, त्यास तो निर्णय उलटविण्याची सामग्री त्याच खंडात मिळते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही, की तुलनापत्रांवर आधार म्हणून प्रचलित पाठ घेतलेला होता. छापील ग्रंथात आधार बदलून तेथे सिद्ध पाठ आला. आधार बदलला की पूर्वीचा भेद आता पाठ होतो आणि पूर्वीचा पाठ आता भेद. म्हणून सर्व नोंदी नव्या आधाराच्या संदर्भात पुन्हा मांडाव्या लागल्या. दुसरी ही, की ह्या आवृत्तीने प्रत्येक भेद छापला नाही. निव्वळ लेखनपद्धतीचे फरक व लेखकाच्या हस्तदोषाने झालेल्या उघड चुका वगळण्यात आल्या. अर्थात् केवळ छापील पाठभेदांवरून एखादे हस्तलिखित अक्षरशः पुन्हा उभे करता येणार नाही. येथे जागा वाचली ती विवेकाने. आणि त्या विवेकाचे नियम संपादकांनी प्रस्तावनेत मांडून ठेवले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी १९४१ मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर प्रवेशग्रंथ लिहिला, तेव्हा ही पद्धती शास्त्राच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या हाती आली.

४

आता यंत्रांकडे वळावयाचे. १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉखकिंड ह्यांनी संगणकाच्या आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळणारी एक प्रणाली रचली; तिचे संक्षिप्त नाव एससीसीएस. आज्ञावली म्हणजेही एक लेखच. तिच्यात रोज दुरुस्त्या होतात, आणि कालची दुरुस्ती चुकली असल्यास परवाची अवस्था परत हवी असते. रॉखकिंड ह्यांच्या प्रणालीत सर्व आवृत्त्यांच्या सर्व ओळी एकाच फाइलीत गुंफलेल्या असत, आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली व कोणत्या आवृत्तीत गळाली ह्याच्या खुणा त्यांच्यामध्ये असत. पुण्याच्या तुलनापत्राशी ह्याचे साम्य उघड आहे : सर्व साक्षी एका पत्रकावर, आणि वाचणाऱ्याने हवी ती प्रत त्यातून निवडून घ्यावयाची. १९७६ मध्ये त्याच प्रयोगशाळेशी संबंधित जेम्स हंट व डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी दोन फाइलींमधील भेद शोधून काढण्याची रीत शब्दबद्ध केली. तिचे एकक ओळ हे होते. पुण्याच्या कागदावर ते अक्षर होते.

१९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची ह्यांनी आरसीएस ही प्रणाली सिद्ध केली. तीत सर्वांत नवी आवृत्ती संपूर्ण ठेवलेली असे आणि जुन्या आवृत्त्या तिच्यापासून मागे जाणाऱ्या भेदांच्या रूपाने असत. ही रचना तुलनापत्रापेक्षा छापील पृष्ठाच्या अधिक जवळ येते : वर एक संपूर्ण पाठ, खाली इतरांचे भेद. फरक एवढाच, की यंत्रातील वरचा पाठ ही प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली एक आवृत्ती असते, तर सुखठणकरांचा सिद्ध पाठ कोणत्याही एका हस्तलिखितात जसाच्या तसा आढळत नाही.

पुढे १९८६ मध्ये डिक ग्रूने ह्यांच्या प्रयत्नातून सीव्हीएस व २००० मध्ये आरंभ झालेल्या कार्यातून सबव्हर्जन ह्या प्रणाली आल्या. ह्या दोहोंत संग्रह एका मध्यवर्ती ठिकाणी असे आणि काम करणाऱ्यास त्यातील हवी तेवढी अवस्था मिळे. एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनी गिट ही प्रणाली रचली, आणि त्याच महिन्यात मॅट मॅकॉल ह्यांनी मर्क्युरिअल. ह्या नव्या प्रणालींचे वैशिष्ट्य असे, की मध्यवर्ती संग्रह हीच एकमेव प्रत राहिली नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासाची स्वतंत्र प्रत असते. रेसिडेन्सी जळाली म्हणून ग्रंथसंग्रह गेला, असे आता घडण्याचे कारण उरले नाही. परंतु ह्या सुरक्षिततेचे मोल जागेच्या रूपाने द्यावे लागले, आणि ते किती, हे अवजड फाइली आल्यावर कळून आले.

गिटमध्ये प्रत्येक फाइलीची प्रत्येक अवस्था तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या चाळीस अंक-अक्षरांच्या नावाने ओळखली जाते. मजकुरात एक अक्षर जरी बदलले, तरी नाव सर्वस्वी बदलते; म्हणून हे नाव म्हणजे त्या मजकुराचा अंगठ्याचा ठसाच होय. पुढे ह्या अवस्था गठ्ठ्यात बांधताना प्रणाली परस्परांसारख्या अवस्था शोधते आणि एक संपूर्ण ठेवून दुसरीची केवळ भेदरूपाने नोंद करते. शब्दांच्या लेखनाबाबत ही बचत फार मोठी असते.

५

अवजड फाइलींचे गणित एका उदाहरणाने पाहता येईल. अनुष्टुभ् छंदाचा एक श्लोक म्हणजे बत्तीस अक्षरे. देवनागरी लिपीत व्यंजन, स्वरचिन्ह, हलन्त ही सर्व चिन्हे स्वतंत्र मोजल्यास त्यांची संख्या साधारण ऐंशी होते, आणि आजच्या प्रचलित यूटीएफ-८ संकेतानुसार प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे एका श्लोकास सुमारे २४० बाइट. परंपरेने महाभारत लक्षश्लोकी मानलेले आहे. तसे एक लाख श्लोक धरले, तर सर्व ग्रंथ सुमारे २४ मेगाबाइटांत मावतो. आता एकाच हस्तलिखिताचे एकच पत्र घ्यावे. ते साध्या कार्यालयीन कागदाएवढ्या, म्हणजे ए-४ आकाराच्या, चौकटीत दर इंचास ३०० बिंदू ह्या प्रमाणात रंगीत टिपले, तर २,४८० गुणिले ३,५०८ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास, आकुंचन न करता, ती प्रतिमा २६ मेगाबाइटांची होते. एका पत्राचे चित्र लक्ष श्लोकांहून जड!

आकुंचन केल्याने हा भार पुष्कळ कमी होतो हे खरे. परंतु आकुंचनाने दुसरी अडचण उत्पन्न होते. आकुंचित फाइलीत मूळ चित्राच्या एका कोपऱ्यात थोडा फेरफार केला, तरी पुढील बाइटांची मांडणी दूरवर बदलू शकते. मग जुनी व नवी फाइल ह्यांच्यात समान असे फारसे काही सापडत नाही आणि भेदाची नोंद जवळजवळ संपूर्ण फाइलीएवढीच होते. ज्या तत्त्वावर सर्व योजना उभी, ते येथे लागूच पडत नाही. दहा वेळा सुधारलेले चित्र दहा चित्रांची जागा घेते. आणि संपूर्ण इतिहास प्रत्येकाजवळ असल्यामुळे, वीस जण काम करीत असतील तर ही दहा चित्रे वीस ठिकाणी साठतात.

ह्यावर जे उपाय निघाले त्यांचा गाभा एकच आहे, आणि तो शोधपत्राचाच आहे. २०१० मध्ये जोई हेस ह्यांनी गिट-अनेक्स ही जोडप्रणाली केली. २०११ मध्ये मर्क्युरिअलमध्ये अवजड फाइलींसाठी स्वतंत्र सोय आली. आणि एप्रिल २०१५ मध्ये गिटहब ह्या सेवेने गिट लार्ज फाइल स्टोरेज, म्हणजेच एलएफएस, जाहीर केले. एलएफएसच्या पद्धतीत अवजड फाइल वेगळ्या भांडारात जाते. मूळ संग्रहात तिच्या जागी तीन ओळींचे एक निर्देशपत्र राहते : पहिल्या ओळीत निर्देशाच्या पद्धतीची ओळख, दुसरीत फाइलीचा चौसष्ट अंक-अक्षरांचा ठसा, तिसरीत तिचा आकार. हे निर्देशपत्र सुमारे १३० बाइटांचे असते, मग मूळ फाइल केवढीही असो. काम करणाऱ्याने एखादी आवृत्ती उघडली की तिला लागणाऱ्या तेवढ्याच अवजड फाइली भांडारातून आणल्या जातात. जुन्या आवृत्त्यांच्या फाइली मागितल्याखेरीज येत नाहीत.

छापील पृष्ठावरील तारांकित क्रमांक व परिशिष्ट ह्यांच्याशी ह्याची तुलना केली असता एक सूक्ष्म भेद दिसतो. परिशिष्ट त्याच खंडात बांधलेले असते. ज्याच्या हाती खंड आहे, त्याच्या हाती परिशिष्टही आहे. निर्देशपत्र व भांडार मात्र दोन ठिकाणी असतात. निर्देशपत्रातील ठसा असे सांगू शकतो, की आणलेली फाइल हीच मूळ फाइल आहे. परंतु ती फाइल भांडारात अद्याप आहे की नाही, हे त्यास सांगता येत नाही. छापील आवृत्तीतही असा एक दुवा आहेच : हस्तलिखिताचे सांकेतिक अक्षर. ते अक्षर ज्या पोथीकडे बोट दाखविते, ती पोथी कोठल्या तरी कपाटात सुरक्षित असेल तोवरच ते सार्थ. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला व तेथील ग्रंथ, हस्तलिखिते आणि साहित्य ह्यांची नासधूस झाली, तेव्हा ह्या दुव्याचे नाजूकपण सर्वांच्या प्रत्ययास आले. निर्देश सुरक्षित राहून निर्दिष्ट वस्तू नष्ट होणे ही यंत्रयुगाचीच आपत्ती आहे असे नव्हे.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण खडकीपलीकडील डेक्कन कॉलेजातच आहे. १९४८ मध्ये डॉ. कत्रे ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळजवळ एक कोट चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि डॉ. अमृत माधव घाटगे ह्यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून कोश प्रसिद्ध होऊ लागला. ह्या चिठ्ठीवर शब्द व ग्रंथस्थळ ह्यांच्या जोडीला त्या स्थळाचे अवतरणही उतरवून घेतलेले असते. केवळ स्थळनिर्देश केला असता, तर पुष्कळ श्रम व जागा वाचली असती. परंतु कोशकारास प्रत्येक वेळी ग्रंथ उघडावा लागला असता. येथे जागा खर्चून स्वयंपूर्णता विकत घेतली आहे. शोधपत्राच्या पद्धतीत थोडे अवलंबित्व पत्करून जागा वाचविली आहे. दोन्ही मार्ग शास्त्रशुद्ध आहेत. त्यांतील कोणता निवडावा, हे सामग्री किती जड आहे, तिची गरज किती वेळा पडते आणि तिच्या मूळ स्थानावर किती विश्वास ठेवता येतो, ह्यांवर अवलंबून राहते.

६

सर्वांत कठीण प्रश्न उरतो तो काढून टाकण्याचा. आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत फाइल पुसली, म्हणजे ती पुढच्या आवृत्तीत दिसेनाशी होते. मागच्या आवृत्त्यांत ती तशीच राहते आणि तिची जागाही तशीच अडून राहते. चुकून एकदा आत आलेली अवजड फाइल, दुसऱ्याच दिवशी पुसली तरी, वर्षानुवर्षे प्रत्येकाच्या संग्रहात वावरते. ती खरोखर काढावयाची तर इतिहासच पुन्हा लिहावा लागतो. गिटमध्ये प्रत्येक अवस्थेच्या नावात तिच्या पूर्वीच्या अवस्थेचे नाव गुंतलेले असल्यामुळे, मागील एक दुवा बदलताच त्यापुढील सर्व अवस्थांची नावे बदलतात. आणि ज्यांनी जुनी नावे कोठे उद्धृत केली असतील, त्यांचे संदर्भ निराधार होतात. आरंभी सरसकट ठेवलेल्या फाइली मागाहून एलएफएसच्या भांडारात हलवावयाच्या झाल्या, तरीही हेच मोल द्यावे लागते. पुण्याच्या संपादकांनी आधारपाठ बदलला, तेव्हा सर्व भेद पुन्हा मांडण्याचे जे श्रम पडले, त्यांचीच ही आवृत्ती म्हणावी लागेल. म्हणून काय जागच्या जागी ठेवावयाचे व काय शोधपत्रावर न्यावयाचे, ह्याचा नियम पहिल्या दिवशी ठरविणे हेच श्रेयस्कर.

एलएफएसमध्ये छाटणीची सोय आहे. जी फाइल चालू आवृत्तीस वा अलीकडच्या आवृत्त्यांस लागत नाही आणि जिची प्रत दूरच्या भांडारात पोहोचलेली आहे, ती ह्या छाटणीने स्थानिक यंत्रावरून काढली जाते. त्यामुळे जवळची जागा मोकळी होते. दूरच्या भांडाराचा भार कमी होत नाही. तेथील फाइल काढावयाची तर ती कोणत्याही जुन्या आवृत्तीस लागत नाही अशी खात्री हवी. आणि संग्रहाच्या प्रती व शाखा अनेकांकडे पसरलेल्या असता अशी खात्री देणे कठीण होऊन बसते. ह्या कारणाने पुष्कळ सेवांत भांडारातील जुन्या फाइली आपोआप नाहीशा होत नाहीत; त्या काढण्यासाठी माणसाला मुद्दाम निर्णय घ्यावा लागतो.

येथेच ह्या सर्व इतिहासाचे मर्म आहे. यंत्र काही टाकत नाही, कारण महत्त्वाचे काय व क्षुल्लक काय हे त्यास कळत नाही. त्याची बचत निर्दोष असते. एकही बिंदू न गमावता ते प्रत्येक अवस्था परत देते. परंतु ही निर्दोषता जागा पुरेपर्यंतच टिकते. जागा संपली की काय ठेवावयाचे हे ठरविण्याची पाळी माणसावर येते, आणि त्या क्षणी तो तंत्रज्ञ राहत नाही, संपादक होतो. मग त्यास तेच प्रश्न पडतात जे आदिपर्वाच्या संपादकास पडले होते : हा भेद अर्थपूर्ण आहे की निव्वळ हस्तदोष? हा मजकूर पाठात असावा की परिशिष्टात? आणि वगळला, तर वगळल्याची नोंद कोठे राहणार?

शेवटच्या प्रश्नाबाबत पुण्याच्या आवृत्तीने घालून दिलेला दंडक यंत्रयुगातील व्यवहाराच्या पुढेच आहे. तीत लहानसहान हस्तदोष नियम सांगून वगळले. प्रक्षेप मात्र, कितीही दीर्घ असला तरी, परिशिष्टात जपला. आणि जेथे संपादकास स्वतःच्या निवडीची पूर्ण खात्री नव्हती, तेथे पाठाखाली नागमोडी रेघ ओढून तसे कबूल केले. संगणकीय संग्रहाची छाटणी होते तेव्हा फाइल जाते आणि बहुधा तिच्याबरोबर छाटणीचे कारणही जाते. पुढील अभ्यासकाच्या हाती एक निर्देशपत्र उरते, चौसष्ट अंक-अक्षरांचा एक ठसा उरतो. परंतु तो कोणाचा, आणि ती वस्तू का टाकली गेली, हे सांगणारे कोणी उरत नाही.

विद्यापीठीय विभागांतून आज हस्तलिखितांच्या प्रतिमा, बोलींची ध्वनिमुद्रणे, शब्दसंग्रहांची कोष्टके अशी सामग्री वाढत आहे, आणि तिच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी ह्याच प्रणालींचा उपयोग होऊ लागला आहे. लिप्यंतर, टिपणे व कोष्टके हा भेदरूपाने साठविण्याजोगा भाग. प्रतिमा व ध्वनी हा शोधपत्रावर नेण्याजोगा भाग. ह्या दोहोंची विभागणी कार्यारंभीच व्हावी, शोधपत्रांचे भांडार किमान दोन भिन्न ठिकाणी असावे, आणि जे काढून टाकले जाईल त्याचे वर्णन, कारण व निर्णय घेणाऱ्याचे नाव ह्यांची नोंद मूळ संग्रहात कायम राहावी, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ साधेल. त्यांपैकी पहिली व तिसरी ही पुण्यातील शास्त्र्यांनी आखीव कागदांवर पूर्वीच करून दाखविलेली आहे. आणि दुसरीचे महत्त्व १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीची लढाई चालू असता संगमावर पेटलेल्या आगीने सांगून ठेवलेले आहे.